मण्यांचे पैसे वसूल, फिरकीचे नाही: खजुरी बाजारातली गणित-पेटी

इंदूरच्या खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून सध्या एक गणित-पेटी मिळते. निळ्या प्लास्टिकची, सहावी ते दहावीसाठी, दप्तरात न मावणारी. छापील किंमत १,२५० रुपये, थोडी घासाघीस केली की १,१०० ला सुटते. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असाच माल वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. खाली जे दोष सांगितलेत ते खोक्यावरचं नाव न बघता आतला माल बघूनच तपासायचे आहेत.

पेटीत मुख्य वस्तू सहा. ११ × ११ खिळ्यांचा जिओबोर्ड, म्हणजे रबरबँड किंवा दोरा अडकवून आकृत्या करायचा बोर्ड, त्याच्या पाठीवर २४ खिळ्यांचं वर्तुळ. आलेखाची पाटी आणि तिच्यावर पिनेने बसणारी पारदर्शक शीट, हिला पुस्तिकेत ‘फिरकी’ म्हटलंय. पूर्ण ३६० अंशांचा कोनमापक. १०० मण्यांची कापडी थैली, सोबत वीस खळग्यांची पट्टी. दहा बाजूंचे दोन फासे. आणि यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम न पाळता आलेल्या अंकांचं एक कार्ड. बाकी रबरबँड, दोरा, सुट्या पिना, ४८ पानांची पुस्तिका.

निकाल आधीच सांगून टाकतो. नमुना निवडीचा (सगळ्यांतून थोडे निवडून सगळ्यांचा अंदाज घेण्याचा) भाग, म्हणजे मणी, पट्टी आणि फासे, एका दुरुस्तीनंतर उत्तम. बिंदू फिरवण्याचा भाग मात्र अर्धा चांगला, अर्धा वाया. आणि वाया गेलेली वस्तू नेमकी तीच आहे, जिचं चित्र खोक्यावर सर्वांत मोठं छापलंय.

तर फिरकी. कल्पना सोपी आहे. पाटीवर −८ ते ८ असा १ सेंटिमीटरच्या चौकटींचा आलेख, मध्ये आरंभबिंदू (०, ०), तिथे छिद्र. पारदर्शक शीट ठेवायची, छिद्रातून पिन घालायची, (३, १) वर स्केच पेनने ठिपका द्यायचा आणि शीट घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवायची. ठिपका (−१, ३) वर यायला हवा. आमच्या पेटीत तो तिथे येत नाही. थोडा उजवीकडे, थोडा खाली पडतो. १८० अंश फिरवला तर (−३, −१) च्या सरळ उजवीकडे चार मिलिमीटरवर.

हा हाताचा दोष नाही, छिद्राचा आहे. पाटीचं छिद्र छापील आरंभबिंदूच्या उजवीकडे २ मिलिमीटरवर पडलंय. म्हणजे मूल आरंभबिंदूभोवती फिरवतोय असं समजतं, पण शीट फिरते दुसऱ्याच बिंदूभोवती. केंद्र उजवीकडे २ मिमी सरकलं असेल तर अर्ध्या फेरीत चूक दुप्पट, ४ मिमी. पाव फेरीत २ मिमी उजवीकडे आणि २ मिमी खाली, म्हणजे तिरपी मोजली तर साधारण २.८ मिमी. पूर्ण फेरीत चूक शून्य, म्हणून दुकानदार शीट गरगर फिरवून परत जागेवर आणून दाखवतो तेव्हा सगळं ठीकच दिसतं! तपासायचं असेल तर अर्धी फेरीच द्या. तिथे चूक सगळ्यात मोठी दिसते.

१ सेंटिमीटरच्या चौकटीत ४ मिमी म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट. मुलाला (−३, −१) वाचायचं की (−२, −१) हेच कळत नाही, आणि नियम पाठ असूनही ‘माझंच चुकलं’ म्हणून ते खोडरबर उचलतं. शिकवायच्या साधनात यापेक्षा वाईट खोट नसते. त्यात पिनेची जाडी एक मिमी आणि शीटचं छिद्र अडीच मिमीचं, त्यामुळे शीट फिरताना डुगडुगते ती वेगळीच.

दुरुस्ती मात्र पाच मिनिटांची आहे. साधा आलेख-कागद घ्या, त्याच्या आरंभबिंदूला टाचणीने भोक पाडा आणि ते भोक पाटीच्या छिद्रावर आणून कागद चिकटवा. शीटचं मोठं छिद्र सेलोटेपने झाकून त्यातूनच टाचणी घाला. शीटवरचा आलेख नीट छापलाय का याची काळजी करू नका. ठिपका पाटीवरून उतरवून घेत असाल तर शीटवरच्या रेघांचा काही संबंध नसतो, ती कोरी असली तरी चालते. खरं तर मग पाटीचीही गरज उरत नाही. जुना पुठ्ठा, आलेख-कागद, ट्रेसिंग पेपर आणि एक ड्रॉइंग पिन, फिरकी तयार. आलेख-कागद घरी छापणार असाल तर प्रिंटरला ‘पानात बसवा’ हा पर्याय देऊ नका, चौकट आकसते आणि फूटपट्टी जुळत नाही.

पुस्तिकेत फिरवण्याचे नियम दिलेत ते बरोबर आहेत. उलट दिशेने ९० अंश: (क्ष, य) चा (−य, क्ष). १८० ला (−क्ष, −य). २७० ला (य, −क्ष). पण उत्तरांच्या पानावर (२, −५) हा बिंदू ९० अंश फिरवून (−५, २) छापलाय. ही चूक छापखान्याची नसावी, कारण वर्गात नेमकी हीच होते. ‘−य’ म्हणजे य च्या पुढे उणे लिहायचं नाही, य चं चिन्ह उलटवायचं. य स्वतःच −५ असेल तर −य झाला ५. बरोबर उत्तर (५, २). ताळा चरणाने करायचा. दोन अक्षांमुळे आलेखाचे चार भाग पडतात ते चरण; वरचा उजवा पहिला, पुढचे घड्याळाच्या उलट दिशेने. उलट दिशेच्या प्रत्येक पाव फेरीला बिंदू एक चरण पुढे जातो. (२, −५) चौथ्या चरणात, म्हणजे पुढे पहिला. (−५, २) तर दुसऱ्या चरणात आहे, तिथे पाव फेरीत पोचताच येणार नाही. हा ताळा पुस्तिकेत कुठेच नाही, आणि तो नियमापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

दिशेचा गोंधळ निस्तरायला मराठी घरात एक हुकमी उपाय आहे. खजराण्याच्या गणपतीला प्रदक्षिणा ज्या दिशेने घालतो, ती गणितात उणे. अधिक कोन म्हणजे उलटी प्रदक्षिणा. एकदा सांगून बघा, ‘घड्याळाच्या काट्याच्या दिशेने की विरुद्ध’ ही घोकंपट्टी परत करावी लागत नाही. आणखी एक: काही मुलं शीट धरून ठेवतात आणि खालची पाटी फिरवतात. असं केलं की उत्तर बरोबर उलट्या दिशेचं येतं, कारण बिंदू जागेवर राहिला आणि अक्ष फिरले. पाटी टेबलाला चिकटपट्टीने पक्की करून टाका.

आरंभबिंदू सोडून दुसऱ्या बिंदूभोवती फिरवणं पुस्तिकेने टाळलंय. टाळायला नको होतं, कारण खरी समज तिथेच दिसते. (५, २) हा बिंदू (२, १) भोवती ९० अंश फिरवायचा असेल तर आधी केंद्र वजा करा: (३, १). फिरवा: (−१, ३). केंद्र परत मिळवा: (१, ४). शेवटची पायरी मुलं हमखास विसरतात आणि (−१, ३) वरच थांबतात. कंपासचं टोक (२, १) वर ठेवून (५, २) पर्यंत उघडा आणि गोल काढा. (१, ४) त्या गोलावर आहे, (−१, ३) बाहेर. पुठ्ठ्याच्या फिरकीत टाचणी कुठेही टोचता येते, त्यामुळे हेही जमतं. विकतच्या पाटीत छिद्र एकच, तेही चुकीच्या जागी.

जिओबोर्डबद्दल मात्र तक्रार नाही. खिळे दोन सेंटिमीटरवर, सरळ, टोकं गोल केलेली. बोर्ड −५ ते ५ धरला तर मधल्या खिळ्यापासून पाच घरं लांबीचा दोरा फिरवून किती खिळ्यांना टेकतो ते मुलांना मोजू द्या. अक्षांवरचे चार सगळे सांगतात. मग कोणीतरी (३, ४) ला टेकवून बघतं. एकूण बारा खिळे निघतात: (५, ०), (४, ३), (३, ४), (०, ५) आणि बाकीच्या तीन चरणांतले त्यांचे भाऊबंद. (५, ०) पासून (४, ३) पर्यंत कोन किती ते कोनमापकाने मोजा, ३७ अंशांच्या किंचित आत. पायथागोरसचा ३-४-५ असा फिरताना दिसला की वेगळा समजवावा लागत नाही. दोरा ताणणारा नको, रबरबँड तर मुळीच नको. पेटीतला दोरा सुती आहे आणि ओढला की वाढतो; शिवणाचा जाड दोरा किंवा पतंगाची सद्दी वापरा, मांजा नव्हे.

याच बोर्डवर (३, १) ला ४५ अंश फिरवायला सांगा. तो कुठल्याच खिळ्यावर बसणार नाही. १.४१, २.८३ च्या आसपास, खिळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. मुलं म्हणतात बोर्ड बिघडलाय. बिघडलेला नाही, करणी संख्या (√२ सारखी पूर्ण न निघणारी मुळं) खिळ्यावर बसत नाहीत.

पाठीवरच्या वर्तुळात २४ खिळे, म्हणजे प्रत्येक अंतर १५ अंश. ९० ला सहा अंतरं. इथे एक ठरलेली चूक: सुरुवातीच्या खिळ्यालाच ‘एक’ म्हणून सहा मोजले की पाचच अंतरं होतात, ७५ अंश. सुरुवातीचा खिळा शून्य.

आता थैली, जिच्यासाठी पेटी घ्यावी. ५० पांढरे, ३० निळे, २० पिवळे मणी. पट्टी थैलीत खुपसून वर काढली की खळग्यांत वीस मणी बसून येतात. एका खेपेत नमुना तयार, हात घालून एकेक काढत बसायला नको. चाळीस मुलांच्या वर्गात हा वेळ फार मोलाचा.

पण आमच्या थैलीत पिवळे मणी १० मिमीचे निघाले, बाकीचे ९ मिमीचे. एका मिलिमीटरने काय होतं? थैली हलवली की लहान मणी मोठ्यांच्या फटींतून खाली उतरतात आणि मोठे वर येतात. डब्यातल्या चिवड्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर आलेले असतात, तसंच. पट्टी वरूनच खुपसली जाते, त्यामुळे पिवळे जास्त येतात. दहा वेळा वीस-वीस मणी काढले, दर वेळी परत टाकून. २०० पैकी पिवळे सरासरीने ४० यायला हवेत. दहा इकडे-तिकडे झाले तर योगायोग म्हणता येईल. आले ६१. हा योगायोग नव्हे, मण्यांचा आकार बोलतोय.

आणि गंमत म्हणजे जितकं जास्त हलवावं तितकं वाईट होतं. ‘नीट मिसळा’ म्हणजे ‘खूप हलवा’ नव्हे. पुस्तिकेत नेमकं ‘थैली २० बार हिलाइए’ लिहिलंय. हलवण्याऐवजी मणी परातीत ओतून हाताने कालवायचे, पोह्यांना मसाला लावतो तसे. खरा उपाय म्हणजे पिवळे वीस मणी बदलून घेणं. बाजारात मण्यांच्या दुकानात ९ मिमीचे सुटे मिळतात, आणि नसतीलच तर पांढऱ्यांच्या जादा पाकिटातले वीस ऑइल पेंटने रंगवा.

न मिसळल्याने काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं आहे. १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक तारीख. महिन्यांच्या क्रमाने भरल्या आणि पुरेशा कालवल्या नाहीत. वर्षाअखेरच्या तारखा आधी निघाल्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्यांना बोलावणं लवकर. वर्गात ही गोष्ट सांगितली की मण्यांचा खेळ खेळ राहत नाही.

पुस्तिकेची दुसरी चूक: ‘२० मण्यांच्या नमुन्यात पिवळे किती? उत्तर: ४.’ असं उत्तर नसतं. सरासरी चार. बरोबर चार येण्याची वेळ चारात जेमतेम एकदा. एक ते सात यांतलं काहीही निमूटपणे येऊ शकतं. मुलाला तीन आले म्हणून चूक दिली तर नमुना निवड म्हणजे काय हेच त्याला उलटं शिकवलं. फळ्यावर चाळीस मुलांचे चाळीस आकडे ठिपक्यांनी मांडा. चारच्या आसपास ढीग दिसेल, दोन्ही बाजूंना शेपट्या. सगळा धडा त्या ढिगात आहे.

फासे चांगलेच निघाले. एकावर ० ते ९, दुसऱ्यावर ०० ते ९०, दोन्ही मिळून १ ते १००. ०० आणि ० आले की १०० धरायचं, हे आधी सांगून ठेवा. यांच्याने इंदुरी उदाहरण करता येतं: ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतल्या ५६ दुकानांपैकी आठ निवडायची. दुकानांना १ ते ५६ क्रमांक द्या, फासे टाका, ५७ ते १०० आलं तर सोडून द्या, आधी आलेला क्रमांक परत आला तर तोही सोडा. आठ दुकानं मिळायला सरासरी पंधरा वेळा फासे टाकावे लागतात. मुलं कंटाळतात आणि पुस्तिका त्यांना पळवाट देते: ५६ पेक्षा मोठी संख्या आली तर तिच्यातून ५६ वजा करा. करून बघा काय होतं. ५७ चा १, ५८ चा २, असं करत १०० चा ४४. म्हणजे १ ते ४४ क्रमांकांच्या दुकानांना दोन-दोन संधी, ४५ ते ५६ ला एकेकच. कोपऱ्यातल्या बारा दुकानदारांवर अन्याय! टाकून दिलेले फासे वाया जात नाहीत, समान संधीची ती किंमत आहे.

कंटाळाच येत असेल तर दर सातवं दुकान घ्या, ५६ भागिले ७ आठ. फक्त सुरुवात १ ते ७ मधून फासा टाकून ठरवायची. ३ आला तर ३, १०, १७, २४, ३१, ३८, ४५, ५२. सोपं आहे, पण शेजारशेजारची दोन दुकानं एका नमुन्यात कधीच येत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि सकाळी नऊला तिथे उभं राहून समोर येईल त्याला ‘पोहे आवडतात का’ विचारणं हा नमुना नव्हे. सकाळी तिथे आलेला माणूस पोह्यांसाठीच आलेला असतो.

अंकांच्या कार्डावर हजार अंक आहेत, पाचपाचच्या गटांत, छपाई स्वच्छ. असे तक्ते काही नवे नाहीत. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ मध्ये जनगणनेच्या अहवालांतून घेतलेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता छापला होता. दोष कार्डात नाही, सूचनेत आहे: ‘वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा.’ चाळीसच्या चाळीस मुलं तिथूनच सुरू करतात आणि सगळ्यांना तोच नमुना येतो. डोळे मिटून पेन्सिल टेकवायला सांगा.

एक प्रयोग फार छान आहे, ‘तलावातले मासे’. इंदूरच्या सिरपूर तलावाचं नाव घेतलं की मुलांना चटकन कळतो. मोजायच्या वस्तूंच्या ढिगातून ३० काढा, खूण करा, परत टाका, कालवा. मग ४० काढा. त्यांत खुणेचे ६ निघाले तर एकूण अंदाज ३० × ४० ÷ ६, म्हणजे २००. पण पेटीतल्या गुळगुळीत मण्यांवर मार्करची शाई टिकत नाही. सहापैकी दोघांची खूण पुसली गेली की भागाकार चारने होतो आणि तलावात एकदम ३०० मासे! खऱ्या माशांच्या बाबतीतही त्यांना लावलेली खुणेची पट्टी गळून पडली की अंदाज असाच फुगतो, हे सांगायला निमित्त चांगलं. पण मोजणीसाठी मण्यांऐवजी राजमा घ्या, खूण नेलपॉलिशने करा, आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर खुणेचे दाणे एकमेकांना चिकटून जोडीने निघतात.

पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठी नाही. इंदुरात ते अपेक्षितच. घरी आजी-आजोबा शिकवणार असतील तर शब्द जुळवून घ्या: कोनमापक म्हणजे चांदा, कंपास म्हणजे परकार, आरंभबिंदू म्हणजे मूलबिंदू, चरण म्हणजे चतुर्थांश. दुकानात सुटा कोनमापक मागायचा तर ‘पूरा गोल चांदा’ म्हणा, नाहीतर अर्धाच हातात पडतो.

१,१०० रुपये द्यावेत का? शाळेसाठी किंवा पाच-सहा मुलं एकत्र शिकत असतील तर द्यावेत. एकट्या मुलासाठी नको. त्याला फासे, शंभर एकसारखे मणी, पूर्ण कोनमापक आणि आलेख-कागद सुटे घ्या; फिरकी पुठ्ठ्याची, आणि मणी काढायला पट्टीऐवजी डोळे मिटून वाटीने उपसा, पहिले वीस मोजा. जिओबोर्ड तेवढा सुटा सहज मिळत नाही. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून घेता येतो, फक्त ठोकण्याआधी आलेख-कागद चिकटवा म्हणजे ओळी वाकणार नाहीत.

पेटीच घ्यायची ठरली तर काउंटरवर उघडून बघा. शीटवर ठिपका देऊन अर्धी फेरी फिरवा. प्रत्येक रंगाचे दहा मणी फूटपट्टीला लावून ओळीत ठेवा; तिन्ही ओळींची लांबी सारखी भरायला हवी, आमच्या पिवळ्यांची एक सेंटिमीटर जास्त भरली. मणी मोजूनही घ्या. एप्रिलमधल्या शाळेच्या गर्दीत दुकानदार हे करू देणार नाही, म्हणून दुपारी जा. आणि रबरबँड मे महिन्यात वाळून तुटतात, ते डब्यात टाल्कम पावडर घालून ठेवा.